विंडोज ११ ला ३२-बिट आवृत्तीच नाही, मग पतसंस्थेचं जुनं सॉफ्टवेअर चालवायचं कुठे?

माळरान (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका पतसंस्थेनं काउंटरसाठी तीन नवी मशीन घेतली. विक्रेत्यानं त्यावर विंडोज ११ होम टाकून दिलं. सोमवार होता, गावचा बाजार. क्लार्क ताईंनी जुन्या मशीनवरचं फोल्डर पेन ड्राइव्हनं आणलं, आयकॉनवर दोनदा क्लिक केलं, तर पडद्यावर इंग्रजीत पट्टी आली: हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तोवर काउंटरपुढे पंधरा-वीस माणसं आणि त्यांच्या मागे पिग्मीचे एजंट. शेवटी त्या दिवशीची रोजकीर्द हातानं लिहिली, पासबुकांवर बॉलपेनानं आकडे टाकले.

एकवीस वर्षं मी पतसंस्थांचे कॉम्प्युटर सांभाळतोय, त्यामुळे दुखणं फोनवरच कळलं. सॉफ्टवेअर फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेस साधनातलं आहे, डॉसचं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या १६-बिट जमान्यातलं. (बिट म्हणजे प्रोसेसर एका दमात किती माहिती हाताळतो त्याचं माप.) विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती असली की एनटीव्हीडीएम नावाचा भाग असे जुने प्रोग्रॅम चालवतो. ६४-बिट आवृत्तीत तो भागच नाही. विंडोज १० दोन्ही आवृत्त्यांत मिळायचं, म्हणून आम्ही मुद्दाम ३२-बिट टाकून वेळ भागवत होतो. ५ ऑक्टोबर २०२१ ला आलेलं विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची अपडेट बंद झाली.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. जो प्रोग्रॅम रोज संध्याकाळी पैशापैशानं किर्द जुळवून देतो, तो निकामी ठरवायचा अधिकार ऑपरेटिंग सिस्टीमला नसावा. २००९ साली विंडोज ७ आलं तेव्हा कंपनीनं एक्सपी मोड दिला होता, म्हणजे नव्या खिडकीत अख्खं जुनं एक्सपी. तोही होमला नव्हता, फक्त प्रोफेशनल, एंटरप्राइज आणि अल्टिमेटला. पण वाट होती. आता तशी वाटही ठेवलेली नाही. मोठ्या कंपन्यांसाठीच्या, लांब मुदतीच्या आधाराच्या विंडोज १० एंटरप्राइज एलटीएससी २०१९ ला मात्र जानेवारी २०२९ पर्यंत आधार आहे आणि ती ३२-बिटमध्येही आहे. म्हणजे करता येतं. फक्त गावच्या संस्थेसाठी करायचं नाही.

खटपट्या

माळरानदादा, तुमची तळमळ कळते, पण मत अजिबात पटलं नाही.

फॉक्सप्रो २.६ हे १९९४ चं. ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत ही काही २०२१ ची बातमी नव्हे. २००५ साली एक्सपीची ६४-बिट आवृत्ती आली तेव्हापासून हेच आहे. कारण प्रोसेसरमध्येच आहे: तो ६४-बिट पद्धतीत गेला की डॉसचे प्रोग्रॅम ज्यावर चालायचे तो व्हर्च्युअल ८०८६ मोड मिळत नाही. वीस वर्षं घंटा वाजत होती.

आणि रोज किर्द जुळते एवढ्यावर समाधान मानू नका. त्या फोल्डरमधली डीबीएफ, म्हणजे खात्यांच्या नोंदींची फाइल मी लिबरऑफिससारख्या स्प्रेडशीटमध्ये उघडतो, एका खात्याची शिल्लक बदलतो, सेव्ह करतो. कोणी बदलली, कधी बदलली, काही मागमूस नाही. पतसंस्थेतल्या ठेवींना बँकेसारखं ५ लाखांचं विमा संरक्षण नसतं. लोकांनी ऊस बिलाचे, पेन्शनचे पैसे तिथे विश्वासानं ठेवलेत. त्या पैशांची वही अशी उघडी ठेवणं मला तरी सहन होत नाही.

शेवंता

मी छपाईवाली. पत्रिका, अहवाल, दिवाळी अंक. वरच्या दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट निसटतेय म्हणून लिहिते, कारण तिच्यापायी माझे पैसे गेलेत.

३२-बिट विंडोज गेलं म्हणजे ३२-बिट प्रोग्रॅम गेले असं नाही. ते ६४-बिटवर चालतात. माझं पान मांडायचं २००१ चं पेजमेकर ७ विंडोज १० च्या ६४-बिटवर चालतंय, थोडं कुरकुरतं पण चालतं. अडतो तो १६-बिट प्रोग्रॅम, आणि अडतो तो ड्रायव्हर, म्हणजे जोडलेल्या यंत्राची विंडोजशी गाठ घालणारा छोटा प्रोग्रॅम. ड्रायव्हरला मात्र सवलत नाही, ६४-बिट विंडोजला ६४-बिटचाच लागतो.

माझं मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर डोंगलवर आहे, म्हणजे मशीनला खोचायची परवान्याची किल्ली असली तरच चालतं. मुलानं हौसेनं नवा हलका लॅपटॉप आणला. बॅटरी दिवसभर पुरते, पंख्याचा आवाज नाही. सॉफ्टवेअर बसलं, उघडलं, मी खूश. मग म्हणतं डोंगल सापडत नाही. काढून घातला, दुसऱ्या खोबणीत घातला. दोन दिवसांनी कळलं की त्या लॅपटॉपचा प्रोसेसर एआरएम जातीचा आहे. नेहमीच्या प्रोसेसरसाठीचे प्रोग्रॅम विंडोज ११ तिथे नक्कल करून चालवतं, पण ड्रायव्हरची नक्कल होत नाही. आणि डोंगल बनवणाऱ्यानं एआरएमसाठी ड्रायव्हर काढलेलाच नाही. खोक्यावर विंडोज ११ एवढंच लिहिलेलं. माझ्यासारख्या बाईनं ओळखायचं कसं?

शेजारच्या क्लासवाल्यांच्या मशीनवर एस मोड निघाला. त्यात फक्त स्टोअरमधली अ‍ॅप चालतात. तो फुकट बंद करता येतो आणि एकदा बंद केला की परत लागत नाही. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आठवडाभर ते मशीन बिघडलंय म्हणून बसले होते.

माळरान

शेवंताताई, बरोबर आहे, माझ्या लिहिण्यात ती गल्लत होती.

खटपट्या, घंटा वीस वर्षं वाजत होती म्हणता, ती ऐकायला गावात कोण होतं? सॉफ्टवेअर लिहून देणारा माणूस २०११ ला वारला. मूळ कोड कुणाकडे नाही. हाताशी फक्त ईएक्सई, म्हणजे तयार चालणारा प्रोग्रॅम, आणि फाइली. नव्या सॉफ्टवेअरचं दरपत्रक आलंय त्यात वर्षाचं भाडं आहे, शाखेमागे. आजचं सॉफ्टवेअर एकदा पैसे मोजून घेतलंय. ज्या संस्थेचा नफा गणपतीच्या वर्गणीएवढा आहे तिनं दरवर्षी हे कुठून द्यायचं?

शिवाय वेग. त्या ताई पडद्याकडे न बघता टाइप करतात. खाते क्रमांक, एंटर, रक्कम, एंटर, एफ-१०. उजवा हात नंबर पॅडवरून हलत नाही. नव्या सॉफ्टवेअरच्या नमुन्यात त्याच कामाला चार वेळा माउस धरावा लागला. बाजारच्या दिवशी त्या चार क्लिकांची रांग रस्त्यापर्यंत जाते.

कोरा_कागद

विंडोज १० ला अजून एक वर्ष अपडेट मिळतात ना? मग एवढी घाई कशाला?

खटपट्या

मिळतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पण ती योजना घरगुती वापरासाठी आहे. संस्था-कंपन्यांसाठी वेगळी, ती तीन वर्षांपर्यंत घेता येते. मशीनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट. त्या पैशात डेटा हलवायला माणूस मिळेल.

निवृत्त_सचिव

तीस वर्षं पतसंस्थेत काढली, त्यातली शेवटची नऊ सचिव म्हणून. आम्ही २०२३ च्या दिवाळीत नव्या सॉफ्टवेअरवर गेलो. दोन्ही बाजूंना उपयोग होईल असा अनुभव सांगतो.

सगळी खाती हलली, शिल्लक जुळली, तेरीज जुळली. पेढे वाटले. मार्च २०२४ ला ठेवींचं व्याज काढलं आणि जुन्या-नव्यात फरक येऊ लागला. प्रत्येक खात्यात, थोडा थोडा. दोन रात्री मी आणि हिशेबनीस कागद पसरून बसलो होतो. शेवटी सापडलं: २०२४ लीप वर्ष. जुना प्रोग्रॅम दिवस ३६६ मोजायचा पण भागायचा ३६५ नं. नवा ३६६ नं. ९ टक्क्यांनी लाखामागे २४ रुपये ६६ पैशांचा फरक. मग जुन्या ठरावांच्या वह्या काढल्या, तर १९९८ चा संचालक मंडळाचा ठराव मिळाला: व्याजाची आकारणी नेहमी ३६५ दिवसांवर करावी. म्हणजे प्रोग्रॅम बरोबर होता. तो नियम सगळे विसरले होते, फक्त ईएक्सईला आठवत होता.

म्हणून खटपट्या, डेटा हलवायला माणूस मिळेल म्हणता तेव्हा मला धडकी भरते. फाइल हलते. तिच्यामागचे नियम हलत नाहीत.

आणि माळरान, तुम्हालाही सांगतो. तो नियम फक्त ईएक्सईला माहीत असणं ही आमची, सचिवांची, चूक होती. ती विंडोजवर ढकलता येणार नाही.

पायवाट

डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्सचं नाव अजून कुणी घेतलं नाही, घेतलंत तर सावध राहा. ते खेळांसाठी बनलंय. तीन काउंटरवरून एकच फाइल उघडायची असेल तर फाइल लॉकिंगशी खेळ नको. दोघांनी एकाच वेळी एकाच खात्यात जमा केली तर एक नोंद पुसली जाऊ शकते, आणि ते संध्याकाळीच कळतं. व्हीडॉस नावाचं दुसरं साधन आहे, ते डॉसच्या कामकाजी प्रोग्रॅमसाठीच केलेलं. ६४-बिट विंडोजवर चालतं, छपाई सांभाळतं. लिनक्सवर त्याच कामासाठी डोसेमू२ आहे. मला विचाराल तर ६४-बिट लिनक्सवर वाइन या विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनातून विंडोज ३.१ च्या काळातले १६-बिट प्रोग्रॅमही चालतात. म्हणजे प्रोसेसर अगदीच नाही म्हणत नाही, विंडोजनं ती वाट सोडली. इथे मी माळरानच्या बाजूचा.

खटपट्या

पायवाट, विंडोजचे १६-बिट आणि डॉसचे १६-बिट हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला प्रोसेसरची आडकाठी नाही, दुसऱ्याला आहे. डोसेमू२ ती नक्कल करून किंवा केव्हीएम या लिनक्समधल्या आभासी मशीनच्या सोयीतून ओलांडतं.

माळरान, तातडीचं बोलतो. तुमच्या तीन मशीनवर ३२-बिट विंडोज १० टाकायला जाऊ नका. नव्या मदरबोर्डवर मशीन सुरू करणारं ६४-बिट यूईएफआय असतं आणि त्यातून ३२-बिट विंडोज उठत नाही. त्याच्या आधीच्या, जुन्या बायोसची सोय नव्या बोर्डांतून जात चालली आहे. रात्र वाया जाईल. आभासी मशीन करा, म्हणजे मशीनच्या आत प्रोग्रॅमनं उभं केलेलं दुसरं मशीन. त्यासाठीचं विंडोजचं हायपर-व्ही होमवर मिळत नाही, ते प्रो आणि वरच्या आवृत्त्यांत. होमवर व्हर्च्युअलबॉक्स चालतं. आतल्या विंडोजचा परवाना मात्र वेगळा लागतो, तो विसरू नका. आणि त्या आतल्या मशीनला इंटरनेट देऊ नका.

निवृत्त सचिव, तुमचा लीप वर्षाचा किस्सा मला माझ्याच बाजूचा वाटतो. तो नियम कागदावर आला तो तुम्ही हललात म्हणूनच. नाहीतर अजून ईएक्सईच्या पोटातच असता. फॉक्सप्रोची ईएक्सई उलगडून बराचसा मूळ प्रोग्रॅम वाचता येतो, अशी साधनं आहेत. नियम तिथून काढा, ठरावांशी ताडून बघा, मगच हला.

शेवंता

आणि नावांचं विसरू नका! जुन्या पतसंस्थांत नावं मराठीत असतील तर ती कशात आहेत ते आधी बघा. जिस्ट कार्डावर (डॉसवर मराठी दाखवणारं जुनं कार्ड) केलेली असतील तर इस्की या भारतीय लिपींच्या जुन्या संकेतात असतील, ती युनिकोडमध्ये बऱ्यापैकी सरळ येतात. पण सुरेखसारख्या जुन्या फाँटमध्ये असतील तर तिथे अक्षरं नाहीत, अक्षरांचे तुकडे आहेत. ‘शिर्के’ लिहिताना पहिली वेलांटी आधी, मग श, मग क, आणि रफार-मात्रा मिळून एकच खूण सगळ्यात शेवटी. बदलताना रफार एक घर इकडे-तिकडे झाला की शिर्के दुसरंच काहीतरी होतात. मी एका सभासद यादीत सहाशे नावं हातानं दुरुस्त केलीत. वारसाच्या नावात असं झालं तर केवढ्याला पडेल?

माळरान

नावं इंग्रजीत आहेत, सुटलो. व्हर्च्युअलबॉक्स बसवलं. आत जुन्याच परवान्याचं ३२-बिट विंडोज १०, इंटरनेट बंद. पासबुकाचा प्रिंटर शेअर करून एलपीटी-१ ला, म्हणजे डॉसच्या प्रिंटरच्या वाटेला, जोडला आणि पहिली ओळ बरोबर रेघेवर पडली तेव्हा ताईंनी मला चहा पाजला.

पण मत बदललेलं नाही. हे मी बसवू शकलो. शेजारच्या तालुक्यात बसवणारा नाही, तिथे ते विक्रेत्याच्या शब्दावर जातील. ज्या खोक्यावर विंडोज ११ लिहिलंय त्यावर १६-बिट प्रोग्रॅम चालणार नाहीत हेही लिहायला हवं, मराठीतून.

एप्रिलपासून नवं-जुनं दोन्ही शेजारी शेजारी चालवावं असं चेअरमनना सुचवलंय. खटपट्या, फाइलींची नुसती रचना पाठवतो, खातेदारांचा डेटा नाही.

खटपट्या

पाठवा. व्याजाची फाइल सगळ्यात आधी. आणि तुमच्या संस्थेच्या जुन्या ठरावांच्या वह्या कपाटात आहेत का तेवढं बघून ठेवा, ईएक्सई मी त्यांच्याशी ताडून वाचेन. शेवंताताईंचं खोक्यावरच्या मजकुराबद्दलचं म्हणणं आणि तुमचं म्हणणं मला मान्य आहे. १६-बिटला अजून दहा वर्षं सांभाळा, हे अजूनही नाही.