शाळेतली कोणती आठवण आजही तुम्हाला कामाला लावते?

मधलीसुट्टी:
भाचीची गणिताची वही चाळत होते. अख्ख्या पानावर लाल रेघ आणि खाली भोपळा. एकदम आमचे गणिताचे सर आठवले. उत्तर चुकलं म्हणून त्यांनी कधी फुली मारली नाही. पेन्सिलीने एकेक पायरी तपासत यायचे, जिथवर बरोबर असेल तिथे बारीकशी टिक करायचे आणि शेजारी लिहायचे, 'इथवर आलीस. आता पुढे.' पानभर खाडाखोड असली तरी ती टिक कुठेतरी सापडायचीच.

आता कामात सगळंच फिसकटलंय असं वाटायला लागलं की मी कागद घेते आणि ती टिक शोधते. वडिलांच्या आजारपणात तर याच सवयीने मला उभं ठेवलं. औषधं झाली, रिपोर्ट आले, इथवर आलो. आता पुढे.

तुमची सांगा. शाळा छान होती हे सगळ्यांचंच असतं, त्या आठवणीच्या जोरावर आज काय करता ते लिहा.

खडूची धूळ:
किती सुंदर! सरांना कधी सांगितलंत का हे?

मधलीसुट्टी:
हो, अधूनमधून फोन करते. ऐकू कमी येतं त्यांना आता, पण माझा आवाज बरोबर ओळखतात.

अडखळ:
मी तोतरा बोलायचो. वाचनाची पाळी जवळ येईल तसा घाम फुटायचा. माझा नंबर आला की बाई म्हणायच्या, 'हा परिच्छेद सगळे मिळून.' अख्खा वर्ग वाचायचा आणि त्यात मीही सरळ, न अडखळता वाचायचो. खूप वर्षांनी स्पीच थेरपिस्टकडून कळलं की दुसऱ्यांच्या बरोबरीने बोलताना बहुतेकांचा तोतरेपणा जवळपास थांबतो. बाईंना ते कुठून ठाऊक होतं देव जाणे. अजूनही अडखळतो. पण मीटिंगमध्ये बोलायच्या आधी पहिलं वाक्य त्या वर्गाच्या आवाजात मनात म्हणून घेतो. मग उठतो.

चष्मेबहाद्दर:
डोळे भरून आले. बाईंना नमस्कार.

पाटीपेन्सिल:
बाळ झोपलंय तोवर पटकन लिहिते. नोकरी सांभाळून खात्याची परीक्षा देतेय, पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. इतिहासाच्या बाई धडा संपला की म्हणायच्या, 'पुस्तकं मिटा, आता सांगा.' तेच करते. रात्री भिंतीकडे तोंड करून मोठ्याने सांगते. नवऱ्यालाही निम्मी कलमं पाठ झालीत 😄

तास चौथा:
बाईंचं अगदी बरोबर होतं. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं. मी स्वतः शिक्षक आहे, तासाच्या सुरुवातीला कालच्या धड्यावर प्रश्न विचारतोच. मुलं कुरकुरतात, विचारतो तरी.

पाटीपेन्सिल:
अरे वा सर, हे माहीत नव्हतं! आता आणखी जोरात मिटते पुस्तक. उठलं बाळ, पळते.

मागचा बाक:
मला शाळा आठवली की अजून पोटात गोळा येतो. एका शिक्षकांनी भर वर्गात 'तुझ्याच्याने काही होणार नाही' म्हटलं होतं. लोक सांगतात, तेच मनात धर आणि करून दाखव. नाही होत तसं. त्या वाक्याने मला वर्षानुवर्षं फक्त थकवलं.
मला सावरलं ते शिपाईकाकांनी. मधल्या सुट्टीत एकटा बसलेलो दिसलो की हातोडी माझ्या हातात द्यायचे. 'हं, वाजव. सगळी शाळा तुझ्यासाठी थांबलीय.' जाड पितळी घंटा, टोल दिला की कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या, आणि खरंच सगळं मैदान वर्गांकडे पळायला लागायचं. मुलाखतीला आत बोलावतात ना, तेव्हा मी तो हात आठवतो.

खडूची धूळ:
मागचा बाक, समोर असतात तर पाठीवर हात ठेवला असता. शिपाईकाका ग्रेट.

चष्मेबहाद्दर:
'करून दाखव'बद्दल अगदी पटलं. अपमान गिळून मोठे झालेल्यांच्याच गोष्टी सांगतात सगळे. जे खचले त्यांच्या कोण सांगतं?

सांजवेळ:
साठी उलटल्यापासून शाळाच जास्त आठवते. मुलगी मानसशास्त्र शिकलीय, ती म्हणते उतारवयात बहुतेकांना साधारण दहा ते तीस या वयातलंच जास्त आठवतं, कितीतरी गोष्टी तेव्हा पहिल्यांदा घडलेल्या असतात म्हणून. आमच्या संगीताच्या वर्गात पेटी होती, तिला हात लावायचा मान ठरावीक मुलींनाच. मी दारातून बघायचे. आता क्लास लावलाय. बोटं आखडतात, पण क्लास चुकवत नाही.

कर्कटक:
वा आजी! तुमच्या वेळी पाढे कितीपर्यंत होते हो? आम्हाला तीसपर्यंत.

सांजवेळ:
तीस, आणि वर पावकी-निमकी. एकोणतीसला सगळा वर्ग गडगडायचा.

कर्कटक:
एकोणतीस तर सोपा! तीसचा धरायचा आणि आधी एक, मग दोन, मग तीन असे कमी करत जायचे. २९, ५८, ८७.

सांजवेळ:
अगं बाई! हे तेव्हा कुणी का नाही सांगितलं? थांब, नातवाला हाक मारते.

कर्कटक:
एकोणीसलाही चालतं तेच. वीसचा धरा.