9 मीटरच्या गल्लीत सात मजले की बारा?

मुलुंडकर: मुलुंड पूर्वेला आमची तळ+3 सोसायटी. 12 बिऱ्हाडं, प्लॉट 650 चौ.मी., समोर 9 मीटरचा रस्ता. पुनर्विकासाच्या दोन ऑफर आल्यात. एक बिल्डर स्टिल्टवर (खांबांवरचा मोकळा पार्किंगचा तळ) 12 मजले म्हणतो, दुसऱ्याचा आर्किटेक्ट 7 वर अडून बसलाय. कार्पेट (घरातली वापरायची जागा) दोन्हीकडे सारखंच. सभासदांचा कल टॉवरकडे. जाणकारांनी सांगावं.

रेघोट्या: मी आर्किटेक्ट, उपनगरातल्या असल्याच छोट्या प्लॉटांची कामं करते. मत एकतर्फी वाटलं तर वाटू दे.

मजले वाढले की जागा वाढते, हे आधी डोक्यातून काढा. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते. तुमच्या रस्त्याला मूळ 1, प्रीमियम (जादा शुल्क) भरून 0.5, टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) 0.5, झाले 2. त्यावर 35 टक्के फंजिबल (नियमाने मिळणारं जादा क्षेत्र) धरून 2.7, म्हणजे साधारण 1,755 चौ.मी. शिवाय 33(7)(बी) या सोसायटी पुनर्विकासाच्या नियमाखाली जुन्या बांधीव क्षेत्राच्या 15 टक्के किंवा सदनिकेमागे 10 चौ.मी., जे जास्त असेल ते. तुमचे 120 धरा. दोन्ही ऑफरमध्ये ढीग हाच आहे. एकाने पसरलाय, दुसऱ्याने उभा रचलाय.

उभा रचण्यात बिल्डरचं साधतं, वरच्या मजल्यांना भाव चढा मिळतो. पण 12 मजले म्हणजे उंची 32 मीटरच्या वर. रेफ्यूज एरिया (आगीत थांबायची सुरक्षित जागा) आला, आगीची यंत्रणा वाढली, बाजूला मोकळी जागाही जास्त सोडायला हवी. ती एवढ्याशा प्लॉटवर आणणार कुठून? मग प्रीमियम भरून सवलत घेतात आणि शेजाऱ्याच्या बाथरूमची खिडकी तुमच्या हॉलसमोर येते. शिवाय मजल्याला दोनच फ्लॅट, तरी लॉबी, जिना, लिफ्ट आहेतच. त्यांचा मेंटेनन्स जन्मभर तुमच्याच माथी.

सात मजलेवाल्यालाही मोकळा सोडू नका. त्याच्या प्लॅनमध्ये डक्ट (पाइपांची उभी पोकळी) बघा. पाइप आणि एसीचे डबे लागल्यावर प्लंबर आत शिरून पाना फिरवू शकेल का? कार्पेट दहा चौ.फूट वाढवायला सगळ्यात आधी डक्टच आवळतात, आणि पाचव्या पावसाळ्यात किचनच्या भिंतीला पोपडे. जिन्याला बाहेरची खिडकी हवीच. ब्रोशरवर जाऊ नका, तिथे शेजारी नेहमी झाडंच असतात. आजूबाजूच्या इमारती दाखवलेला फ्लोअर प्लॅन मागा.

पार्लेकर काका: आमच्याकडे विमानतळाच्या फनेलमुळे (विमानं चढण्या-उतरण्याचा पट्टा) उंची मिळतच नव्हती, त्यामुळे हा वाद झाला नाही. पण पार्किंग तपासा हो. आमचं पझल पार्किंग (यंत्राने गाड्या वर-खाली सरकवणारं) बंद पडलं की खालचे गाडी काढून मोकळे, वरचे रिक्षाने ऑफिसला.

रेघोट्या: काका, अगदी. स्टॅक करायचाच तर एकाच घराच्या दोन गाड्या एकावर एक द्याव्यात, भांडण घरातल्या घरात राहतं.

मुलुंडकर: आभार. पण 7 मजल्यांत कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा निधी) घटेल का? सभेत पहिला प्रश्न हाच येणार.

रेघोट्या: थोडा घटू शकतो, खोटं कशाला सांगू. विक्रीचं क्षेत्र तेवढंच, भाव जरा कमी. दोन्ही ऑफरमधला कॉर्पसचा फरक 12 घरांत वाटा आणि दोन्हीकडच्या अंदाजित मासिक मेंटेनन्सशेजारी लिहा. तो अंदाज तुमच्या पीएमसीकडून (सोसायटीचा प्रकल्प सल्लागार) लेखी घ्या, बिल्डरच्या तोंडून नको.