बेट जिंकणे, काबीज करणे की ठाणे बसवणे?

परभणीकर
दुसऱ्या महायुद्धातल्या पॅसिफिकच्या लढायांवर क्लासच्या पोरांसाठी टिपणं काढायलोय. दर दोन ओळींनी 'बेट जिंकले' यायलंय. 'जिंकणे', 'काबीज करणे', 'सर करणे' यांत काही फरक करावा का, का सगळी एकाच माळेची? आणि मधली बेटं सोडून पुढच्यावर जायची जी अमेरिकेची रीत होती तिला एकानं 'बेटउड्या' सुचवलं. मला तर ते लंगडीच्या खेळासारखं वाटायलंय.

उदगीरकर
'बेटउड्या' लिहू नका, पोरं हसतील. 'सर' किल्ला होतो, शिखर होतं. सपाट वाळूचं बेट काय सर करता? 'काबीज' चालेल, अरबीतून आलेला असला तरी मराठीत मुरलेला आहे.

अंबाजोगाईचे मास्तर
दादा, बेट कशासाठी घेतलं ते आधी बघा, क्रियापद मागून येईल.

७ ऑगस्ट १९४२ ला अमेरिकी सैनिक पॅसिफिकमधल्या ग्वादलकॅनाल बेटावर उतरले, ते काही तिथल्या जंगलासाठी नाही. जपानी तिथं धावपट्टी करायले होते. ती पुरी झाली असती तर अमेरिकेहून ऑस्ट्रेलियाला जाणारी जहाजं जपानी विमानांच्या टप्प्यात आली असती. अमेरिकेनं ती अर्धवट पट्टीच धरली, पुरी केली, हेंडरसन फील्ड नाव दिलं आणि पुढचे सहा महिने भांडण त्या पट्टीचंच झालं. दिवसा विमानं उडायची तोवर समुद्र अमेरिकेचा. अंधार पडला की जपानी जहाजं येऊन तोफा डागायची, माणसं उतरवायची. फेब्रुवारी १९४३ मध्ये जपान्यांनी उरलेलं सैन्य काढून नेलं. एवढ्या काळात बेटाच्या बऱ्याच भागात दोघांपैकी कुणीच नव्हतं. मग 'बेट जिंकलं' हे कोणत्या दिवशी लिहिणार?

आपल्या जुन्या कागदांत यासाठी नेमका प्रयोग आहे: ठाणे बसवणे. मुलूख सगळा हातात असो नसो, मोक्याच्या जागी माणसं, दाणागोटा, दारूगोळा ठेवून तिथून आजूबाजूवर हुकमत चालवायची. आरमारी लढाईत बेटाची किंमत हीच. जपान्यांच्या ताब्यातलं सैपान बेट जुलै १९४४ मध्ये पडलं आणि त्याच महिन्यात तोजोंना जपानचं पंतप्रधानपद सोडावं लागलं, कारण तिथून टोकियो अमेरिकेच्या बी-२९ या लांब पल्ल्याच्या बाँबफेकी विमानांच्या टप्प्यात येत होतं. २४ नोव्हेंबरला तिथून उडालेली विमानं टोकियोवर पोचलीसुद्धा.

परभणीकर
सर, पटलं. पण तरावा बेटाला 'ठाणे बसवले' लिहिलं तर फारच गुळमुळीत होतंय.

अंबाजोगाईचे मास्तर
तिथं 'जिंकले'च लिहा. धावपट्टी तिथंही होती, पण नोव्हेंबर १९४३ चे ते तीन दिवस नुसत्या कापाकापीचे. भरतीचं पाणी हवं तेवढं चढलंच नाही. होड्या प्रवाळाच्या कडेवर अडकल्या, आणि सैनिक छातीभर पाण्यातून, बंदुका डोक्यावर धरून, समोरून मशीनगन चालू असताना शेकडो मीटर चालत गेले. सुमारे हजार अमेरिकी मेले. जपानी शिबंदीतले जिवंत सापडले ते बोटावर मोजण्याइतके. (भरती-ओहोटीचा हिशेब आपल्याला कुठून कळावा, आपला समुद्र म्हणजे जायकवाडी.)

उदगीरकर
मधली बेटं सोडण्याला 'बगल देणे' बसतंय बघा. रबौलच्या मोठ्या जपानी तळाला बगल दिली.

लातूरची ताई
नाही बसत. 'प्रश्नाला बगल दिली' म्हटलं की टाळाटाळ डोळ्यापुढं येते. रबौलला सुमारे एक लाख जपानी होते. त्यांना टाळलं नाही, चारी बाजूंनी विमानतळ धरून, रसद तोडून ऑगस्ट १९४५ पर्यंत जागच्या जागी कोंडलं. 'वळसा घालून कोंडणे' लिहा. ट्रुक या जपानी आरमारी तळाचंही तेच. फेब्रुवारी १९४४ मध्ये विमानांनी झोडपलं आणि पुढं निघून गेले.

आणि पॅसिफिकलाच कशाला जायचं? १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी आपल्या आरमारातल्या मायनाक भंडारीला मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर पाठवून तटबंदीचं काम धरलं. बेट ते केवढं! पण मुंबईत शिरणाऱ्या-निघणाऱ्या गलबतांवर तिथून नजर राहते, म्हणून इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी जहाजं आणून बेट वेढलं. वारा पडला की ती मोठी जहाजं जागची हलेनात, आणि आपल्या वल्ह्यांच्या लहान होड्या रात्री थळकडून सामान घेऊन मधून निघून जायच्या. इंग्रजांना शेवटी नाद सोडावा लागला. जंजिऱ्याच्या सिद्दीनं मात्र जानेवारी १६८० मध्ये शेजारच्या उंदेरीवर आपली माणसं बसवली, म्हणजे खांदेरीच्या छाताडावरच. यात 'जिंकणे' कुठंच नाही. दोन्ही बेटं ओस होती. सगळा खेळ आधी कोण बसतो याचा.

उदगीरकर
ताई, भारी. यात 'जंजिरा'ही घ्या. अरबी जझीरा म्हणजे बेटच. जुन्या कागदांत 'जंजिरे सिंधुदुर्ग' असं लिहितात, म्हणजे बेट आणि त्यावरचा किल्ला एकाच शब्दात. मुरूडचा जंजिरा कुणालाच घेता आला नाही. तोफा होत्या हे खरंच, पण चहूकडं खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याचे मोठे तलाव होते, ते जास्त नडलं. आणि तो सिद्दी आधी निजामशाहीतला, आपली खडकी, म्हणजे औरंगाबाद, वसवणाऱ्या मलिक अंबरच्याच दरबारचा. आपला समुद्राशी संबंध नाही म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

परभणीकर
मग पद्मदुर्ग? जंजिरा मिळेना म्हणून समोरच्या कांसा बेटावर बांधला तो.

लातूरची ताई
तिथं सरळ 'ठाणे बसवले'. वळसा घालता येत नाही, घेताही येत नाही, तेव्हा उरावर बसायचं.

उदगीरकर
एक राहिलंच. भूमध्य समुद्रातल्या माल्टासाठी यातलं एकही क्रियापद चालत नाही. १९४२ मध्ये जर्मनी-इटलीनं ते घ्यायचा बेत केला, बाँबनी भाजून काढलं आणि मग बेत गुंडाळला. तिथल्याच ब्रिटिश विमानांनी नि पाणबुड्यांनी उत्तर आफ्रिकेत जर्मन सेनापती रोमेलला जाणारं तेल बुडवलं. टिपणात 'घ्यायचे राहिले' लिहा, बाकी पोरांना तोंडी सांगा.