घर घेण्याआधी पालिकेची शाळा कशी पारखायची?

ऐरोलीची_आई: मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. नवी मुंबईत घणसोली आणि कोपरखैरणे, दोन्हीकडे वन बीएचके बघून ठेवलेत. एजंट दोन्हीकडे "शाळा एकदम मस्त" म्हणतो. खासगी शाळेची फी झेपणार नाही. पालिकेची शाळा चांगली आहे हे कशावरून ओळखायचं?

निवृत्त_बाई: एजंटचं सोडा. यूडायस प्लस या सरकारच्या शाळांची माहिती देणाऱ्या साइटवर शाळा शोधा. पट, शिक्षक, वर्गखोल्या कळतात. आरटीईप्रमाणे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे, पहिली ते पाचवीला साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. पण आकड्यांवर थांबू नका. शाळा सुटताना फाटकाशी उभ्या राहा, तिसरीतल्या एखाद्या मुलाच्या आईला विचारा: वही तपासून येते का? पोर न अडखळता वाचतं का? तिसरीतलं वाचन कच्चं असेल तर रंगवलेल्या भिंतींचा काही उपयोग नाही, हे मी वर्गात राहून सांगतेय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, त्यांना गाठा. मुलींचं स्वच्छतागृह स्वतः बघा.

कोपरखैरणेकर: इथे पालिकेची सीबीएसई शाळा आहे, पण जवळ घर घेतलं म्हणजे प्रवेश पक्का असं धरू नका. टोकन देण्याआधी शाळेत जाऊन नियम विचारा.

ऐरोलीची_आई: बाई, घणसोलीच्या शाळेत सोमवारी जाते. समितीतल्या पालकांचे नंबर मुख्याध्यापक देतील का?

निवृत्त_बाई: सदस्यांची नावं विचारा, ती सांगायला हरकत नसते. टाळाटाळ झाली तर तेही लक्षात ठेवा.