बडोदा कॉलेजच्या पाटीवर कुणाची नावं असावीत?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या सभागृहात बडोदा कॉलेजच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांची पाटी लावायची ठरली आहे. गुरुवारी मजकूर पेंटरकडे जायचाय. परवाच्या बैठकीत वाचलेली यादी अशी: श्री अरविंद, डॉ. आंबेडकर, दादासाहेब फाळके, विनोबा भावे, कन्हैयालाल मुनशी, वेंकटरामन रामकृष्णन. टाळ्या पडल्या. मी उठून म्हटलं, यातले तिघे त्या कॉलेजचे विद्यार्थी नव्हतेच. तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी बडोद्याचंच नाव खाली केलं.

एकेक सांगते. अरविंद 1893 ते 1906 बडोद्यात होते. आधी संस्थानच्या नोकरीत, मग कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवायला, पुढे उपप्राचार्य. म्हणजे शिक्षक. बाबासाहेबांचं बीए मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून. सयाजीरावांनी 1913 मध्ये त्यांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलं. फाळके शिकले ते कलाभवनात, ती संस्थाच वेगळी. मुनशी मात्र खरोखर इथले, अरविंदांच्या वर्गात बसलेले. रामकृष्णन 1971 चे फिजिक्सचे बीएस्सी, तोवर कॉलेजचं विद्यापीठ झालेलं. आणि विनोबा इथे शिकले, पण इंटरची, म्हणजे बीएच्या आधीची, परीक्षा न देताच गेले.

माझं म्हणणं साधं आहे. पाटीवर लिहायचं ते खरं लिहायचं. मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, मुलं उद्या ही पाटी वाचून निबंधात तेच उतरवतील. तुम्हाला काय वाटतं?

सूरसागरकाठचा

ताई, तुमचा मुद्दा कळतो, पण पटत नाही. बडोद्यात कॉलेज, कलाभवन, संगीतशाळा, सेंट्रल लायब्ररी हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यातून आलं आणि एकाच खजिन्यातून चाललं. विद्यार्थी रजिस्टरात कुठल्या पानावर होता याला एवढं महत्त्व कशाला? तेव्हाचं बडोदं हेच एक कॉलेज होतं. अरविंद विलायतेतून आले तेव्हा त्यांना मराठी, गुजराती येत नव्हतं, ते इथेच शिकले. मग ते इथले विद्यार्थी नाहीत का?

शिवाय पाटी ही पाटी असते, गॅझेट नव्हे. आत येणाऱ्या पोराला अभिमान वाटावा एवढंच तिचं काम.

रावपुऱ्याची लेक

अभिमान खोट्यावर उभा राहिला तर एक दिवस कुणीतरी गूगल करून तोंडावर फेकेल. माझ्या मुलानं फेकला होता, म्हणून सांगते. दहावीत असताना त्याने भाषणात 'बडोदा कॉलेजचे विद्यार्थी डॉ. आंबेडकर' असं ठोकून दिलं. परीक्षकांनी सगळ्यांसमोर विचारलं, कुठल्या साली? तो घरी येऊन माझ्यावर चिडला, कारण ते मी शिकवलेलं होतं. ताईंना माझा पूर्ण पाठिंबा.

कमाटीबागेजवळ

आंबेडकरांचं नाव यादीतून काढा ही विनंती माझीही आहे, पण कारण वेगळं आहे.

शिष्यवृत्ती दिली हे सगळे सांगतात. करारानुसार शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची होती. 1917 मध्ये ते नोकरीला आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकरा दिवसांनी काठ्या घेऊन माणसं दारात आली आणि संध्याकाळपर्यंत खोली सोड म्हणाली. कोलंबियात शिकून आलेला माणूस सामान घेऊन कमाटीबागेत बसला, रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट बघत. माझे वडील दर वर्षी 23 सप्टेंबरला आम्हाला तिथे घेऊन जायचे. लहानपणी मला वाटायचं बागेत फिरायला नेतात. पण वडील त्या जागेजवळ गेले की चपला काढून उभे राहायचे, आणि आम्ही बोलायला लागलो तर हातानं थांबवायचे.

अशा माणसाचं नाव 'आमचे माजी विद्यार्थी' म्हणून सोनेरी रंगात लिहिलं की त्या संध्याकाळवर रंग फासला जातो. सयाजीरावांचे उपकार बाबासाहेबांनी कधी नाकारले नाहीत. पण महाराज वेगळे आणि गाव वेगळं. गावानं काय केलं ते लिहायची तयारी असेल तर नाव ठेवा, नाहीतर काढा.

सूरसागरकाठचा

तुमच्या प्रतिसादानंतर आंबेडकरांबद्दल मी माझं म्हणणं मागे घेतो. मी त्या बाजूनं विचार केला नव्हता.

फाळक्यांबद्दल मात्र अडून बसणार. कलाभवन आज विद्यापीठाचीच टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. घर एकच.

रंगकामवाला

कलाभवनासाठी वेगळी पाटी लावा हो! कॉलेजच्या पाटीवर एका ओळीत कोंबून का टाकता?

माझे पणजोबा तिथे रंगाईचं शिकले. 1890 मध्ये सुरू झालं ते. त्रिभुवनदास गज्जर आधी कॉलेजात शिकवायचे, त्यांनीच पुढाकार घेतला. त्यांचा आग्रह होता की कसब शिकणाऱ्याला त्याच्या भाषेतून शिकवायचं. ज्याला इंग्रजी येत नाही पण हात चांगला आहे अशा पोराला आत घ्यायचं. बाकी देशात तेव्हा शिक्षण म्हणजे कारकून तयार करणं, आणि इथे रंगाचं रसायन, सुतारकाम, चित्रकला. फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून आले आणि इथे तैलचित्रं, मॉडेलिंग, फोटोग्राफी असं सगळं हाताखालून घातलं. 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' काढणाऱ्या माणसाला कॅमेरा, रसायन, पडदा रंगवणं, साचे करणं सगळंच यायला हवं होतं. ते कॉलेजच्या घुमटाखालच्या वर्गात, मिल्टन वाचून आलं नसतं.

पणजोबांची एक वही घरात आहे. प्रत्येक पानावर सुताची एक लडी शिवलेली, शेजारी मराठीत प्रमाण: मंजिष्ठ इतकी, तुरटी इतकी, किती वेळ उकळायचं. शंभर वर्षांवर झाली, लाल अजून लाल आहे. कॉलेजच्या पदवीधरांपुढे कलाभवनवाल्यांना लोक 'कारागीर' म्हणायचे, हे आजीकडून ऐकलंय. आता मोठं नाव निघालं की लगेच 'आमचेच'?

जुना बीए

मंडळी, खरी अडचण विनोबांची आहे आणि तिच्याकडे कुणी वळेना.

माझं मत: विनोबांचं नाव नको. त्यांचा अपमान होईल. या माणसानं स्वतःची सर्टिफिकेटं चुलीत घातली. आई म्हणाली, आज नको असतील, पण ठेवायला काय हरकत? ऐकलं नाही. ज्यानं कॉलेजशी नातं स्वतःच्या हातानं जाळलं, त्याला आपण नामवंत माजी विद्यार्थी म्हणून पाटीवर टांगायचं? कॉलेजनं त्यांना काय दिलं? वडिलांच्या म्हणण्याखातर फ्रेंच घेतलं, एवढंच. 'गीताई'ची मुळं घरात आहेत. आईला गीता समजून घ्यायची होती, वामन पंडितांची समश्लोकी तिला जड गेली, तेव्हा ती म्हणाली तूच का नाही करत. हे संभाषण बडोद्यातलं, पण कॉलेजातलं नव्हे.

दांडियाबाजारकर

काका, इथे मी तुमच्या विरुद्ध आहे. मला विनोबा हवेतच.

तुम्ही विसरताय की बडोदा कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. इमारत आपली, घुमट आपला, वास्तुविशारद चिझमनं विजापूरच्या गोलघुमटावरून बांधलेला, 1881 पासून कॉलेज चालू, पण परीक्षा आणि पदवी मुंबईची. आपलं विद्यापीठ झालं ते थेट 1949 मध्ये, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू. माझ्या आजोबांचं 1938 चं पदवीपत्र माझ्याकडे आहे. चार घड्या पडलेल्या, घडीवर कागद कापडासारखा मऊ झालेला, आणि वर ठळक अक्षरांत मुंबई विद्यापीठ. परीक्षेसाठी ते डबा, गादी आणि एक कंदील घेऊन गाडीत बसले होते.

तसेच विनोबा 25 मार्च 1916 ला गाडीत बसले. मुंबईला इंटरच्या परीक्षेला. सुरतेला उतरले, भुसावळकडची गाडी धरली आणि काशीला गेले. घरी पत्र टाकलं की परीक्षेला न जाता दुसरीकडे जातोय. जूनमध्ये कोचरबच्या आश्रमात गांधीजींपुढे उभे. आता सांगा, कॉलेज नसतं तर ती गाडी होती का? सोडायला काहीतरी असावं लागतं. वीस वर्षांच्या मुलानं जे सोडलं ते कॉलेज हे होतं, आताच्या आपल्या आर्ट्स फॅकल्टीच्या पायऱ्या. मला ते आजोबांच्या पदवीपेक्षा कमी महत्त्वाचं वाटत नाही.

जुना बीए

भावना समजली. पण ताई, तुम्हीच वर म्हणालात, जे खरं तेच लिहायचं. 'माजी विद्यार्थी: विनोबा भावे' एवढं वाचून मुलाला वाटेल की बीए झाले. ते तुमच्याच नियमात बसत नाही.

रावपुऱ्याची लेक

मग नुसती नावं का लिहायची? नावापुढे एक ओळ लिहा ना. कधी आले, काय केलं, कधी गेले.

कमाटीबागेजवळ

हे चालेल. आणि शिक्षकांना वेगळा रकाना द्या. मुनशींनीच लिहून ठेवलंय, राष्ट्रप्रेम कसं वाढवायचं असं त्यांनी विचारल्यावर अरविंदांनी भिंतीवरच्या हिंदुस्थानच्या नकाशाकडे बोट केलं. शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही पाटीवर एकमेकांसमोर असले तर हा प्रसंग आपोआप सांगता येईल.

सूरसागरकाठचा

जागा पुरेल का? पाटी सहा बाय चार आहे. सहा नावं म्हणून तेवढी घेतली होती.

रंगकामवाला

कलाभवन वेगळं केलं की पुरेल. त्या पाटीचं लाकूड मी देतो.

दांडियाबाजारकर

ठीक. जुन्या बीए काकांचा आक्षेप मान्य करून मजकूर केलाय, बघा:

'शिक्षक: अरविंद घोष, फ्रेंच व इंग्रजी, पुढे उपप्राचार्य. 1906 मध्ये बडोदे सोडले.

विद्यार्थी: कन्हैयालाल मुनशी, बीए. पुढे भारतीय विद्या भवनाचे संस्थापक.

विनायक नरहरी भावे. 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेला निघाले, सुरतेला उतरले.

वेंकटरामन रामकृष्णन, बीएस्सी, 1971. नोबेल, 2009.'

विनोबांच्या ओळीत 'आचार्य' लावायचं का यावर घरात वाद झाला. मी लावलेलं नाही. त्या दिवशी गाडीत बसलेला मुलगा विनायकच होता.

बाबासाहेबांबद्दल कमाटीबागवाल्या भाऊंनी चार ओळींचा मजकूर लिहून द्यावा, तो वेगळ्या पाटीवर, दारातून आत आल्या आल्या दिसेल असा लावू. समितीतले दोघे नाही म्हणतील, त्यांच्याशी मी बोलते.

जुना बीए

विनोबांची ओळ अशी असेल तर माझी हरकत नाही. फक्त 'सुरतेला उतरले'च्या पुढे पूर्णविराम ठेवा, काशी वगैरे जोडू नका.

कमाटीबागेजवळ

बुधवारी रात्रीपर्यंत देतो. वडिलांना वाचून दाखवायचंय आधी.