टेबल टेनिसची पहिली बॅट : आपण ती कशी निवडली? (अनुभव धागा)

टेबल टेनिस शिकू लागलेल्या माणसाला पहिल्या काही दिवसांतच बॅटीचा प्रश्न पडतो आणि तो जितक्या जणांना विचारावा तितकी वेगळी उत्तरे मिळतात. दुकानात वेगाची भाषा ऐकू येते, क्लासचे सर नियंत्रणाचा आग्रह धरतात आणि सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रोज खेळणारे काका आपल्याच हातातली बॅट सर्वांत चांगली असल्याचे सांगतात. यांपैकी कोणीही खोटे बोलत नसते, परंतु प्रत्येक जण स्वतःच्या खेळाविषयी बोलत असतो. म्हणून हा धागा केवळ पहिल्या बॅटीपुरता आहे. आपण स्वतःसाठी किंवा मुलांसाठी ती कोणत्या विचाराने घेतली, तिच्यावर खेळ कसा घडत गेला आणि आज कोणी सल्ला मागितला तर काय सांगाल, हे कृपया सविस्तर लिहावे.

सुरुवात मीच करतो. बॅट म्हणजे लाकडी ब्लेड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेले रबर. या रबरातही चेंडूला लागणारा वरचा थर आणि त्याखालचा स्पंज असे दोन भाग असतात. नियमाप्रमाणे ब्लेडच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा लागतो आणि स्पंज, रबर व गोंद मिळून एका बाजूची जाडी ४ मिलिमीटरपेक्षा अधिक चालत नाही. दुकानात 'कार्बन' म्हणून जी बॅट दाखवली जाते तिच्या ब्लेडमध्ये लाकडाच्या थरांमध्ये कार्बनच्या धाग्यांचा पातळ थर घातलेला असतो आणि त्यामुळे चेंडू झपाट्याने सुटतो. स्पंज जाड असला तर जोरात मारलेला चेंडू त्यात खोल रुततो आणि तितक्याच जोराने परत फेकला जातो.

नवशिक्याने या दोन्ही गोष्टींपासून काही काळ दूर राहावे, असे माझे ठाम मत आहे आणि त्याचे कारण टेबलाच्या मापातच आहे. टेबल २.७४ मीटर लांब असते, म्हणजे चेंडू उतरवायला समोर जेमतेम १.३७ मीटर जागा मिळते, आणि मध्ये १५.२५ सेंटिमीटर उंचीची जाळी असते. ज्याचा हात अजून एकसारखा फिरत नाही त्याचा बॅटीचा कोन किंचित जरी बदलला तरी वेगवान बॅटीवरून चेंडू टेबलाबाहेर जातो आणि असे लागोपाठ झाले की माणूस नकळत हात आखडू लागतो, फटका पूर्ण करण्याऐवजी चेंडूला नुसती बॅट लावून मोकळा होतो. ही सवय एकदा हाडीमाशी खिळली की सुटता सुटत नाही. संथ बॅटीवर मात्र चेंडू पलीकडे पोहोचवायला हात पुरता फिरवावाच लागतो. मी पाच प्लायचे (लाकडाच्या पाच थरांचे) ऑलराउंड, म्हणजे मध्यम वेगाचे, ब्लेड आणि दोन्ही बाजूंना १.८ मिलिमीटर स्पंजचे साधे रबर घेतले होते आणि फोरहँड टॉपस्पिनचा (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणाऱ्या फटक्याचा) पाया त्याच बॅटीवर पक्का झाला.

ठाण्याहून, शाळकरी मुलीची आई

मुलीला आठव्या वर्षी क्लासला घातले तेव्हा वेग, स्पिन (चेंडूची फिरकी) वगैरेपेक्षा मला तिच्या तळहाताची चिंता अधिक होती. तिच्या सरांनी बॅट मुलीच्या हातात दिली आणि तर्जनी रबराच्या खालच्या कडेलगत सरळ टेकते का, उरलेली बोटे मुठीभोवती पूर्ण वळतात का, हे आधी पाहिले. मोठ्यांच्या बॅटीची मूठ तिला जाड पडत होती, म्हणून ती पकड टिकवण्यासाठी मनगट वाकडे करून खेळत असे. आम्ही बारीक मुठीचे हलके ब्लेड आणि दीड मिलिमीटर स्पंजचे रबर घेतले. घरी आणल्यावर मी ती बॅट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली तेव्हा ती दीडशे ग्रॅमच्या आसपास भरली. मोठ्यांची जोडलेली बॅट साधारणपणे १७० ते १९० ग्रॅमची असते. हा फरक कागदावर लहान दिसतो, परंतु सरावाच्या शेवटच्या अर्ध्या तासात मुलीचा खांदा खाली पडत नाही, याचे श्रेय मी त्यालाच देते.

कोथरूड, पुणे येथून, निवृत्त बँक कर्मचारी

प्रत्येकाला ब्लेड आणि रबर वेगवेगळे घेऊन जोडण्याची गरज असते, असे मला वाटत नाही. मी निवृत्तीनंतर व्यायाम आणि सोबत या दोन हेतूंनी खेळू लागलो, आठवड्यातून काही संध्याकाळी क्लबहाउसमध्ये डबल्स खेळतो, आणि माझ्यासारख्याला कंपनीने जोडून दिलेली मध्यम किमतीची तयार बॅट पुष्कळ होते. मात्र ती घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. स्वच्छ चेंडू रबरावर हलका दाबून सरकवून पाहावा. तो अडखळत, पकड घेत सरकला तर रबर जिवंत आहे. काचेवरून जावा तसा घसरला तर त्या बॅटीवर स्पिन कधीच कळणार नाही, मग वेष्टनावर काहीही छापलेले असो. दुसरे म्हणजे बॅटीवरचे तारे आणि वेग, स्पिन, नियंत्रण यांचे आकडे ज्या त्या कंपनीने आपापल्या मापाने दिलेले असतात, त्यामुळे एका कंपनीचा आठ आणि दुसऱ्या कंपनीचा आठ यांची तुलना करण्यात अर्थ नाही. अगदी स्वस्त बॅटींच्या जोडीत स्पंज नसलेले, कडक, गुळगुळीत रबर येते. ती सहलीला न्यायला ठीक, शिकायला नव्हे.

सांगलीहून, प्रशिक्षक

वरील तिन्ही अनुभव मला पटले. प्रशिक्षकाच्या बाजूने थोडी भर घालतो. आमच्याकडे नव्या मुलाला पहिले काही आठवडे बॅट विकत घेऊच देत नाही. हॉलमध्ये पाच-सहा निरनिराळ्या बॅटी ठेवलेल्या आहेत, त्या आलटून पालटून दिल्या की मुलाची पकड कशी बसते, तो टेबलाजवळ राहून ब्लॉक करतो (चेंडू नुसता बॅटीने अडवून परत करतो) की मागे सरून मोठा फटका मारतो, हे आपोआप दिसू लागते. त्यानंतर पालकांना सांगतो की ब्लेडवर विचारपूर्वक खर्च करा आणि पहिले रबर साधे घ्या. यासाका स्वीडन एक्स्ट्रा किंवा स्टिगा ऑलराउंड क्लासिक यांसारखी पाच प्लायची लाकडी ब्लेड आणि त्यांवर मार्क व्ही किंवा श्रायव्हरसारखे जुने, भरवशाचे रबर, ही जोडी कित्येक पिढ्यांच्या हातात घडलेली आहे. दोन्ही बाजूंना एकच रबर आणि एकच जाडी ठेवावी, म्हणजे फोरहँड आणि बॅकहँड यांतला फरक हा मुलाच्या हालचालीतला फरक आहे, बॅटीतला नाही, हे आम्हाला स्पष्ट दिसते.

एक प्रश्न अलीकडे हमखास येतो. मनिका बत्राने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचे सुवर्णपदक जिंकले तेव्हापासून तिच्या बॅकहँडवरचे लाँग पिंपल रबर सर्वांना ठाऊक झाले आणि काही पालक पहिल्याच बॅटीला ते लावून द्या म्हणतात. लाँग पिंपलचे दाणे लांब आणि लवचीक असतात, ते चेंडूवर स्वतःहून फारसे स्पिन देत नाहीत, उलट समोरून आलेले स्पिन बऱ्याच अंशी तसेच परत पाठवतात. तुम्ही हलकेच सरकवून (पुश करून) परत पाठवलेला चेंडू समोरच्याला टॉपस्पिनसारखा लागतो तो यामुळेच. परंतु समोरून कोणते स्पिन आले हेच ज्याला अजून ओळखता येत नाही, त्याला आपल्या बॅटीवरून काय गेले हे कसे कळणार? आधी साध्या रबरावर स्पिन वाचायला शिकावे. पुढे एखाद्याच्या खेळाला पिंपल शोभतील असे वाटले तर ते आम्ही स्वतःच सुचवतो आणि त्याप्रमाणे सराव बदलतो.

दादरहून, ज्येष्ठ खेळाडू

स्पंजच्या जाडीविषयी इतके सगळे लिहीत आहेत म्हणून एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या मुंबईतच घडली. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली आणि जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला. तोवर बहुतेक सर्व खेळाडू बाहेर दाणे असलेल्या, स्पंज नसलेल्या रबराच्या बॅटीने खेळत असत आणि चेंडूच्या टकटक आवाजावरून फटक्याचा जोर ओळखत असत. सातोच्या बॅटीवर आवाजच होत नव्हता, चेंडू कधी आणि किती वेगाने सुटला हे प्रतिस्पर्ध्यांना समजेना, आणि तो एकेरीचा विजेता ठरला. पुढे या स्पंजावर बराच वाद झाला आणि १९५९ मध्ये त्याच्या जाडीला नियमाने मर्यादा घालण्यात आली. आमच्या क्लबमध्ये मी शिकलो तेव्हा जुन्या दाणेदार बॅटी अजून होत्या आणि त्यांवर पहिले धडे गिरवल्यामुळे चेंडू बॅटीच्या नेमक्या कोणत्या भागावर लागला हे कानाला कळत असे. आज तशी बॅट कोणी घ्यावी असे मी म्हणणार नाही, पण पातळ स्पंजच्या बॅटीवर हा आवाज आणि हाताला मिळणारी जाणीव अजूनही बरीच शाबूत असते, आणि नवशिक्याला तिचा मोठा आधार होतो.

रत्नागिरीहून, महाविद्यालयीन खेळाडू

कोकणातल्या पावसाळ्याचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून लिहिते. जून ते सप्टेंबर आमच्या जिमखान्यात हवा इतकी दमट असते की रबरावर ओलाव्याचा सूक्ष्म थर धरतो आणि टॉपस्पिन मारलेला चेंडू पकड न घेता सरळ जाळीत घसरतो. पहिली बॅट घेतली तेव्हा तिच्यातच दोष आहे असे मला काही दिवस वाटत होते. सरांनी दोन रॅलींच्या मध्ये कोरड्या सुती कापडाने रबर पुसायला सांगितले आणि फरक त्याच दिवशी जाणवला. खेळून झाल्यावर ओल्या स्पंजने धूळ पुसावी, रबर वाळू द्यावे, त्यावर प्लॅस्टिकची पातळ फिल्म लावावी आणि मगच बॅट कव्हरमध्ये ठेवावी. साबण किंवा स्पिरिट वापरू नये. कव्हर मात्र बॅटीबरोबरच घ्यावे.

नागपूरहून, हौशी खेळाडू

ज्यांना पुढे जिल्हा स्तरावर खेळायचे आहे त्यांच्यासाठी एक सावधगिरी. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून नामांकित रबर लावलेली म्हणून बॅट मागवली होती. स्पर्धेच्या वेळी पंचांनी बॅट हातात घेऊन रबरावर मुठीच्या वरच्या बाजूला असणारी चौकट शोधली, जिच्यात आयटीटीएफचे (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचे) चिन्ह आणि मान्यता क्रमांक असतो, आणि ती नसल्यामुळे मला दुसऱ्याची बॅट घेऊन सामना खेळावा लागला. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. बॅट प्रत्यक्ष हाताळून घेता आली तर उत्तमच, अन्यथा किमान त्या चौकटीचे स्पष्ट छायाचित्र मागवून घ्यावे. रंगाचाही नियम आहे. एक बाजू काळीच हवी आणि दुसरी काळ्यापासून व चेंडूपासून सहज वेगळी दिसणाऱ्या उजळ रंगाची हवी. पूर्वी ती लालच असे, पण ऑक्टोबर २०२१ पासून निळा, हिरवा, गुलाबी आणि जांभळा हे रंगही चालतात.

जर्मनीहून, क्लबमध्ये खेळणारा

इथे गावोगावी टेबल टेनिसचे क्लब आहेत आणि मी नोकरीनिमित्त आल्यानंतर वयाच्या पस्तिशीत त्यांतल्या एकात जाऊ लागलो. सांगलीच्या सरांनी लिहिलेली पद्धत मला इथेही दिसली. प्रशिक्षकांनी क्लबच्या पेटीतून बॅट दिली, मग खेळाच्या साहित्याच्या दुकानात रबर लावून ठेवलेली चाचणीची ब्लेड घेऊन खेळून पाहता आले. मुठीचा आकार ही गोष्ट मला तिथे उमगली. खाली रुंद होत जाणारी फ्लेअर मूठ हातातून सुटत नाही म्हणून बहुतेक जण ती घेतात, पण माझी पकड थोडी सैल आणि तळवा मोठा असल्यामुळे सरळ मूठ मला अधिक सोयीची वाटली. फोरहँडवरून बॅकहँडकडे येताना बॅट बोटांत किंचित फिरवता येते. दोन्ही प्रकार हातात धरल्याशिवाय हे ठरवता येत नाही.

एका मोसमानंतर रबर गुळगुळीत झाले तेव्हा क्लबमधल्या एका सहकाऱ्याने ते बदलायला शिकवले. जुने रबर मुठीच्या बाजूच्या कोपऱ्यातून हळूहळू सोलायचे, लाकडाचे तंतू निघू नयेत म्हणून घाई करायची नाही. मग ब्लेड आणि नवा स्पंज या दोन्हींवर पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) गोंदाचा पातळ थर द्यायचा, पांढरा गोंद पारदर्शक होईपर्यंत थांबायचे, मुठीकडून सुरुवात करून रबर न ताणता टेकवायचे आणि कडेने धारदार पात्याने कापायचे. माझे ब्लेड अजून तेच आहे, रबर मात्र १.८ वरून २ मिलिमीटरवर नेले, तेही प्रशिक्षकांनी फटका आता स्थिर झाला आहे असे सांगितल्यानंतर.

ठाण्याहून, शाळकरी मुलीची आई

जर्मनीच्या दादांना एक विचारायचे आहे. मुलीच्या बॅटीचे रबर कडेला उलायला लागले आहे, मधला भाग मात्र अजून चांगला पकडतो. बदलावे की थांबावे?

सांगलीहून, प्रशिक्षक

ताई, कडेचे लहान तुकडे टेबलावर बॅट आपटल्याने निघतात, त्यासाठी आधी कडेची टेप लावून घ्या. रबर बदलण्याची खूण मध्यभागी पाहायची असते. जिथे चेंडू सर्वाधिक लागतो तिथला पृष्ठभाग कडेच्या तुलनेत चकचकीत आणि निसरडा झाला असेल तर बदलावे. तसे नसेल तर हा मोसम त्याच रबरावर खेळू द्या, आणि बदलताना जाडी दीड मिलिमीटरच ठेवा.