मदत हवी आहे: आयव्हीएफआधी (टेस्ट ट्यूब बेबी) दुर्बीण करावी का?

वय ३४, लग्नाला चार वर्षं, एएमएच (बीजसाठ्याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) १.३, वीर्यतपासणी नॉर्मल. एचएसजीत (गर्भपिशवीत डाय भरून काढलेला एक्स-रे) उजवी नलिका गर्भपिशवीच्या तोंडाशीच बंद दिसते, डावीतून डाय पोटात सांडतो. सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट (अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ) नाही, नलिकेत पाणीही नाही. डॉक्टर म्हणतात, आयव्हीएफआधी लॅप्रोस्कोपी (पोटातून दुर्बीण) आणि हिस्टेरोस्कोपी (गर्भपिशवीच्या आतून दुर्बीण) एकत्र करून घ्या.

माझी अडचण अशी. तोंडाशी दिसणारा अडथळा पुष्कळदा खरा नसतो. डाय भरताना स्नायू आवळला की नलिका बंद भासते. आणि आयव्हीएफमध्ये नलिका वापरायचीच नाही, मग ती उघडी आहे की बंद, हे पाहायला पूर्ण भूल कशाला? नलिकेच्या टोकाशी पाणी साठलं असतं तर गोष्ट वेगळी. ते पाणी गर्भपिशवीत झिरपून गर्भ रुजू देत नाही, तेव्हा आधी नलिका काढतात किंवा क्लिप लावतात. सरसकट हिस्टेरोस्कोपीने यश वाढत नाही, हे २०१६ च्या दोन मोठ्या युरोपीय चाचण्यांत दिसलं आहे.

एकच मुद्दा खटकतो: टीबी. आपल्याकडे तो नलिकांत लपून बसतो. पण त्याच्या तपासणीसाठी गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा ओपीडीतही घेता येतो ना? तो जीनएक्स्पर्ट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून पाहणं) सलाइनमध्येच पाठवायचा. फॉर्मलिनमध्ये बुडवला की जंतू मरतात आणि कल्चर वाया जातं. (फॉर्मलिन फक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या तुकड्याच्या बाटलीत.)

जाणकारांनी सांगावं: पाळी फार दुखत नसताना, एवढ्या एएमएचवर, दुर्बिणीने नेमका कोणता निर्णय बदलेल? आणि करायचीच, तर आधी बीजं काढून गर्भ गोठवून ठेवावेत का?